गाडी चालू का होती?

माझ्या भाच्याने २०१७ सालच्या दहीहंडीच्या रात्री मोटरसायकल बंद केली नव्हती. सरकारी पक्षाचे म्हणणे असे की मारून लगेच पळता यावे म्हणून त्याने गाडी चालू ठेवली. भाचा म्हणतो की गाडीचा सेल्फ गेला होता, किक मारून मारून पाय भरून येत असे, म्हणून दोन-चार मिनिटे थांबायचे असले की तो गाडी बंदच करत नसे. यांपैकी पहिले म्हणणे निकालपत्रात आहे, दुसरे संपूर्ण खटल्यात कुठेही नाही. ते का नाही हे मी लिहून ठेवते आहे, कारण ठाण्याच्या आसपास, वागळे इस्टेटमध्ये, कळव्यात, दिघ्यात आजही रात्री-अपरात्री एखाद्या घराचे दार वाजते, पोलीस मुलाला घेऊन जातात आणि त्या घरातल्या माणसांना पहिल्या पंधरा दिवसांत या गोष्टी कोणीही सांगत नाही.

घडले ते थोडक्यात सांगते. दुपारी हंडीखाली दोन पथकांतल्या मुलांची धक्काबुक्की झाली होती. रात्री पाच मुले दोन गाड्यांवरून दुसऱ्या गल्लीतल्या मुलाला ‘समज द्यायला’ गेली. पाचांपैकी एकाने शर्टाखाली चॉपर खोचला होता. २२ वर्षांचा मुलगा, घरातला एकटा कमावता, स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी रक्तस्रावाने गेला. माझा भाचा तेव्हा १९ वर्षांचा होता. दुसरी गाडी त्याची होती आणि सरकारी साक्षीदारांच्या सांगण्याप्रमाणेसुद्धा तो गाडीवरून खाली उतरला नव्हता. मात्र तो थांबलाही नाही. जखमी मुलाला रिक्षात घालून सिव्हिल हॉस्पिटलला नेण्याऐवजी तो मित्रांना मागे बसवून निघून गेला, आणि ही गोष्ट मी त्याला कधी माफ केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “अगं, त्याला तीनशे दोन लागलाय.” आमच्या घरात तोवर कोणाला या आकड्याचा अर्थ विचारावा लागला नव्हता. त्यापुढे जोडलेल्या दुसऱ्या आकड्याचा, चौतीसचा, अर्थ कळायला मात्र आम्हाला काही वर्षे लागली.

भारतीय दंड संहितेचे कलम ३४ सांगते की अनेकांनी मिळून, सर्वांचा समान उद्देश पुढे नेण्यासाठी गुन्हा केला, तर त्यांतला प्रत्येक जण तो गुन्हा जणू एकट्याने केल्यासारखा जबाबदार असतो. ‘समान उद्देश पुढे नेण्यासाठी’ हे शब्द मूळ १८६० च्या कायद्यात नव्हते, ते १८७० मध्ये घातले गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हेच कलम तिच्यात ३ (५) म्हणून बसले, अर्थ तोच राहिला. पाच किंवा अधिक माणसे असली की बेकायदेशीर जमावाचे जुने १४९, म्हणजे आताचे १९०, लागू शकते आणि ते आणखी पुढे जाते. जमावाचे उद्दिष्ट साधताना असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे माहीत असणेसुद्धा तिथे पुरते. आमच्या प्रकरणात पोलिसांनी दोन्ही कलमे लावली होती. शिक्षा ३०२ सह ३४ खाली झाली.

मी कळव्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. दोषारोपपत्राची झेरॉक्स हातात आली तेव्हा मी ती सवयीप्रमाणे वाक्यावाक्याने वाचली. “यातील आरोपींनी आपसात संगनमत करून, समान उद्देशाने, मयतास धारदार शस्त्राने भोसकून जीवे ठार मारले.” कर्ता अनेकवचनी, क्रियापद एकच. सहावीच्या मुलांना मी वाक्यातला कर्ता शोधायला लावते. त्या वाक्यात मी माझा भाचा शोधत होते. भोसकणारा हात एकाचा होता, हे त्याच कागदांतल्या साक्षीदारांच्या जबाबांत स्पष्ट लिहिले होते, परंतु त्या एका वाक्यात पाच मुलांचे मिळून एक माणूस झाले होते आणि पुढची पाच वर्षे न्यायालयात त्या एका माणसावरच खटला चालला, असे मला वाटत राहिले.

खुनाच्या शिक्षेत खाली उतरायला पायरी नाही, हेही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. ३०२ सिद्ध झाले की जन्मठेप किंवा फाशी, तिसरा पर्याय न्यायाधीशांच्या हातात नसतो. ज्याने वार केला त्याला आणि जो २५ फुटांवर गाडीवर बसला होता त्याला, समान उद्देश एकदा मान्य झाला की, किमान जन्मठेप आहेच. ‘थोडा दोष, थोडी शिक्षा’ हा आपला घरगुती हिशेब तिथे चालत नाही. म्हणून संपूर्ण लढाई निकालाच्या आधी, त्या एका प्रश्नावर लढायची असते: या मुलाच्या मनात काय होते? ती लढाई आमच्या बाजूने कोणी लढलेच नाही.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आणि जिल्हा न्यायालय ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. तारखेला आलेले कुटुंब दुपारी न्यायालयातून निघून कारागृहाच्या भिंतीच्या कडेने स्टेशनकडे जाते. याच कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली गेली. नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या कान्हेऱ्यांनी झाडल्या होत्या. प्राण तिघांचे गेले. शाळेच्या सहलीत मी मुलांना हा इतिहास अनेकदा सांगितला होता. ते तिघे एका विचाराने, ठरवून, पिस्तुले मिळवून तिथे गेले होते, आणि आपण कशासाठी जात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. समान उद्देश म्हणजे काय, हे मला त्या भिंतीजवळून जाताना जितके स्वच्छ कळले तितके वकिलांच्या बोलण्यातून कळले नाही. माझ्या भाच्याला चॉपर ठाऊक होता का, हा प्रश्न त्यामुळेच माझ्या डोक्यातून जात नाही.

न्यायालयांनीही हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारलेला आहे. कलकत्त्याच्या शांखारीटोला टपाल कार्यालयात १९२३ मध्ये पोस्टमास्तरचा खून झाला. बारेंद्र कुमार घोष नावाच्या आरोपीचे म्हणणे होते की आपण बाहेर, भीतीने उभे होतो. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या भारताच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९२४ मध्ये ते मानले नाही. नुसते उभे राहून वाट पाहणाराही कामात सहभागी असू शकतो, असा तो निकाल आहे आणि सरकारी वकील आजही त्याचाच आधार घेतात. मात्र त्याच प्रिव्ही कौन्सिलने १९४५ मध्ये महबूब शाहच्या प्रकरणात, सिंधू नदीकाठचे बोरू तोडण्यावरून झालेल्या भांडणातल्या गोळीबारात, खुनाची शिक्षा रद्द केली. दोघांच्या मनात सारखाच उद्देश असणे वेगळे आणि दोघांचा मिळून एक उद्देश असणे वेगळे, असे तिथे सांगितले गेले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य या निकालात न्यायमूर्ती विवियन बोस यांनीही हेच लिहिले की या दोहोंमधली रेषा बारीक असली तरी ती आहे, आणि ती पुसली तर न्यायाची हानी होते. समान उद्देश ऐन जागेवरही तयार होऊ शकतो, प्रत्येकाने वार केलाच पाहिजे असे नाही, हेही तितकेच पक्के आहे. म्हणजे कायदा आंधळा नाही. तो पाहायला तयार आहे, पण त्याच्यासमोर पाहण्यासारखे काहीतरी ठेवावे लागते.

आता आमच्या चुकीकडे येते, कारण या लेखातली मुख्य गोष्ट ती आहे.

अटकेनंतर तिसऱ्या दिवशी चारही मुलांचे आईवडील एका घरात जमले. पाचवा मुलगा १७ वर्षे १० महिन्यांचा निघाल्यामुळे त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले होते. एका मुलाच्या काकांच्या ओळखीचे एक वकील होते. सगळे म्हणाले, मुले एकत्र अडकली आहेत, आपण एकत्र राहू, एकच वकील करू, खर्चही वाटला जाईल. प्रत्येक घराने सुरुवातीला ६० हजार रुपये काढले. ताईने मंगळसूत्राची वाटी सोडून बाकीचे सोने गहाण ठेवले. त्या खोलीत कोणी कोणाला दोष देत नव्हते, ज्याच्याकडे चॉपर होता त्याची आई सर्वांना चहा देत होती आणि तिच्याकडे कोणी वर बघत नव्हते. ‘माझा मुलगा वेगळा’ असे म्हणणे त्या क्षणी विश्वासघातासारखे वाटले असते. मीही काही बोलले नाही.

वकिलांनी चौघांसाठी मिळून एकच बचाव घेतला: हे चौघे तिथे नव्हतेच, गणवेशातल्या गर्दीत ओळखण्यात चूक झाली आहे. ज्याने वार केला त्याच्यासाठी कदाचित हाच बचाव शक्य होता. माझ्या भाच्यासाठी तो घातक होता. तो ‘मी होतो, पण शस्त्राचे मला ठाऊक नव्हते’ असे सांगू शकला असता. ‘मी नव्हतोच’ म्हणताच त्याची ती वाट बंद झाली. सेल्फ बिघडल्याचे सांगायचे तर आधी गाडी तिथे होती हे मान्य करावे लागते. शिवाय ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणजे ‘त्याने लपवून आणला होता’, आणि जो वकील चौघांची फी घेतो तो चौघांपैकी एकाच्या विरुद्ध जाईल असे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कसे वदवून घेणार? सहआरोपींचे हितसंबंध एकमेकांच्या आड येत असतील तर वकील वेगवेगळे असावेत, ही या व्यवसायातली जुनी रीत आहे. ती आम्हाला कोणी सांगितली नाही, आणि आम्ही विचारलीही नाही. पैशांची अडचण होती हे खरे, परंतु कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, आणि त्याचे कार्यालय आम्ही दर तारखेला ज्या आवारात भाकरी सोडून बसत होतो त्याच आवारात होते.

सरकारी पक्षाचा साक्षीपुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३१३ होते. सगळ्या खटल्यात आरोपीने आपल्या तोंडाने आपली बाजू सांगायची हीच मुख्य जागा. भाच्याला ४७ प्रश्न विचारले गेले, त्यांत गाडीबद्दलचाही होता. त्याला जसे शिकवले होते तसे त्याने उत्तर दिले. ४७ वेळा “खोटे आहे” असे टंकलेले ते कागद मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आहेत. १९ व्या वर्षी आत गेलेला मुलगा तोवर २४ वर्षांचा झाला होता, आणि त्या पाच वर्षांत त्याचे स्वतःचे असे एकही वाक्य न्यायालयाच्या कागदावर उमटले नाही.

२०२२ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. पाचवा मुलगा, जो माझ्या भाच्यापेक्षा सव्वा वर्षाने लहान आणि प्रत्यक्ष त्या गल्लीत शिरलेला होता, बाल न्याय मंडळापुढे मूल म्हणूनच ठरला, विशेष गृहात राहिला आणि आज नोकरी करतो. १६ ते १८ वयाच्या मुलाला गंभीर गुन्ह्यात प्रौढासारखे चालवावे का, याची प्राथमिक तपासणी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात आहे, आणि मूल म्हणून निकाल लागला तर विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. त्याचे भले झाले याचा मला आनंदच आहे. पण त्या दोन निकालांमधले अंतर कृत्याचे नाही, जन्मतारखेचे आहे, हे ताईला समजावून सांगताना माझे शब्द संपतात.

भाचा नाशिकरोडला गेला. ताई आणि मी महिन्यातून एकदा सकाळची तपोवन पकडतो. काचेपलीकडे तो येतो, रिसीव्हर उचलतो आणि आधी घरच्यांची चौकशी न करता एकच विचारतो, “मावशी, बोर्डावर आलं का?” बोर्ड म्हणजे सुनावणीसाठी लागलेल्या प्रकरणांची यादी; उच्च न्यायालयातले त्याचे अपील २०२२ पासून दाखल आहे. नाही म्हटले की मग तो आजीचे गुडघे, बहिणीची परीक्षा, सगळे विचारत बसतो. बहिणीला दोन स्थळे येऊन गेली, “भाऊ काय करतो?” या प्रश्नाला ताईने दोन्ही वेळा खरे उत्तर दिले.

इंग्लंडमध्ये अशाच आयांनी २०१० मध्ये एक संघटना उभी केली, ‘जॉइंट एंटरप्राइज नॉट गिल्टी बाय असोसिएशन’ नावाची. तिथल्या कायद्यात सोबत्याच्या हातून खून होऊ शकेल एवढा अंदाज असणेही खुनासाठी पुरत असे, आणि तिथेही खुनाला जन्मठेपेवाचून शिक्षा नाही. १८ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जोगी प्रकरणात सांगितले की १९८४ च्या चान विंग-सिऊ निकालापासून कायदा चुकीच्या वळणाला लागला होता. अंदाज हा उद्देशाचा पुरावा असू शकतो, उद्देश नव्हे. जोगीवर पुन्हा खटला चालला आणि तो खुनाऐवजी मनुष्यवधाचा दोषी ठरून त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. जुन्या कैद्यांना मात्र मोठा अन्याय झाल्याचे दाखवल्याशिवाय मुदतीबाहेरचे अपील करू दिले जात नाही, त्यामुळे दार उघडले ते फार थोड्यांना. हे वाचल्यावर मला वाटले की आपल्याकडे कायद्याचे शब्द त्यांच्यापेक्षा बरे होते, उद्देश हा शब्द आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे. आमच्याकडे कमी होती ती एकत्र येऊन वेगवेगळे बोलण्याची हिंमत. त्या आया एकमेकींना धरून राहिल्या आणि तरीही प्रत्येकीने आपल्या मुलाने काय केले ते स्वतंत्रपणे सांगितले. आम्ही एकत्र आलो आणि चौघांचा आवाज एक करून टाकला.

गेलेल्या मुलाची आई ताईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. भाजीबाजारात समोर आल्या की दोघींपैकी एक रस्ता बदलते, बहुधा ताईच. त्या बाईंना आमच्या कलमांशी काय घेणे असणार? त्यांचा मुलगा पाच जण आले म्हणून मेला. एकटा चॉपरवाला आला असता तर कदाचित त्या गल्लीतल्या मुलांनी त्याला धरले असते. हे माझ्या मनात आले त्या रात्री मी झोपले नाही. भाच्याची तिथली उपस्थिती काहीच नव्हती असे मी म्हणणार नाही, ती जन्मठेपेएवढी होती असेही मला म्हणता येत नाही. भाच्याने गेल्या वर्षी पहिल्यांदा संचित रजेसाठी, म्हणजे कैद्याला काही दिवस घरी जायला मिळणाऱ्या सुटीसाठी, अर्ज केला तेव्हा पोलीस चौकशीत त्या बाईंचाही जबाब घेतला गेला. त्यांनी काय सांगितले ते आम्हाला कळले नाही. रजा मंजूर झाली.

त्या दिवसांत त्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावायची होती. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. मागच्या आवारात जप्तीच्या गाड्या एकावर एक टाकलेल्या असतात, त्यांत त्याची मोटरसायकल त्याने लांबूनच ओळखली. टायर बसलेले, सीट फाटून गवत उगवलेले, नंबरप्लेटवर मुद्देमालाचा क्रमांक ऑइलपेंटने लिहिलेला. घरी येऊन त्याने विचारले, “मावशी, पंचनाम्यात सेल्फबद्दल काही लिहिलंय का गं?” मी फाइल काढून जप्ती पंचनामा त्याच्यापुढे ठेवला. गाडीचा रंग आहे, चॅसी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, उजव्या आरशाला तडा आहे हेही आहे. सेल्फ चालतो की नाही, हे कोणी बटण दाबून पाहिले नव्हते.

नवे वकील, आता फक्त त्याचे एकट्याचे, म्हणतात की अपिलातही जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे, जुने कलम ३९१. न्यायालय मानेलच असे नाही, पण अर्ज करू. त्यासाठी मी ताईच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून गाडीचे सगळे कागद खाली काढले. विम्याच्या पावतीला टाचून एका गॅरेजची चिठ्ठी निघाली, दहीहंडीच्या १६ दिवस आधीची. तिच्यावर निळ्या शाईत ‘सेल्फ मोटर, ६५० रु.’ असे लिहिले आहे आणि त्याच्या खाली भाच्याच्या अक्षरात ‘पुढच्या पगाराला’.